भार आणि श्वास

पहिलवानाचा मेंदू गुडघ्यात असतो, असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. जो शरीर कमावतो त्याला अभ्यासात गती नसते, आणि जो पुस्तकांत रमतो त्याने दंड-बैठकांच्या वाटेस जाऊ नये, अशी समजूत पुष्कळ घरांत रुजलेली असते. ही समजूत किती पोकळ आहे, हे आपल्या आचरणाने दाखवून देणारी माणसे देशोदेशी होऊन गेली. अमेरिकेतील पीटर जॉर्ज हे त्यांपैकी एक. विद्यार्थिदशेत त्यांनी वजने उचलण्याच्या खेळात जगज्जेतेपद मिळवले. पुढे ते दंतवैद्य झाले, लष्करी सेवेत राहिले, विद्यापीठात अध्यापन करू लागले. आणि झोपेत ज्यांचा श्वास कोंडतो अशा रुग्णांसाठी त्यांनी तळहातावर मावणारे एक उपकरण तयार केले. शेकडो पौंडांचा भार पेलणारे हात असे नाजूक कामाकडे कसे वळले, ती हकीकत वाचण्याजोगी आहे.

पीटरचा जन्म २९ जून १९२९ रोजी ओहायो संस्थानातील ॲक्रन या गावी झाला. मोटारींच्या चाकांना लागणारे टायर तयार करण्याचे मोठमोठे कारखाने त्या काळी ॲक्रनमध्ये होते, आणि त्यामुळे त्या नगरीला जगातील रबराची राजधानी म्हणत. दूरदूरच्या देशांतून लोक पोटापाण्यासाठी तेथे येत. पीटरचे कुटुंबही मूळचे युरोपच्या बाल्कन प्रदेशातील. पीटर लहान असतानाच ॲक्रनमधील लॅरी बार्नहोल्थ या शिक्षकांच्या हाती पडला, आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले.

बार्नहोल्थ यांनी आपल्या व्यायामशाळेला ‘अमेरिकन कॉलेज ऑफ मॉडर्न वेटलिफ्टिंग’ असे भारदस्त नाव दिले होते. नावातील ‘कॉलेज’ हा शब्द उगाच आलेला नव्हता. केवळ अंगात जोर आहे म्हणून वजन उचलले जात नाही. ते कोणत्या मार्गाने वर न्यावे, शरीर कोठे ठेवावे, कोणत्या क्षणी कोणता स्नायू कामास लावावा, याचे शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते, अशी त्यांची शिकवण होती.

ही शिकवण नीट समजण्यासाठी या खेळाची थोडी माहिती हवी. एका पोलादी दांड्याच्या दोन्ही टोकांना जड चकत्या अडकवतात आणि तो दांडा जमिनीवरून डोक्याच्या वर नेतात. त्या काळी स्पर्धेत तीन प्रकार असत. पहिला ‘प्रेस’. यात दांडा प्रथम खांद्यापर्यंत आणून, पायांचा जोर न लावता, केवळ दंड व खांदे यांच्या बळावर वर रेटावा लागे. दुसरा ‘स्नॅच’. यात दांडा जमिनीवरून एका झेपेत थेट डोक्यावर नेतात. तिसरा ‘क्लीन अँड जर्क’. यात दांडा प्रथम खांद्यावर घेतात व मग पायांच्या झटक्याने वर फेकून तोलून धरतात. तिन्ही प्रकारांत उचललेल्या वजनांची बेरीज ज्याची सर्वांत अधिक, तो विजयी. यांपैकी ‘प्रेस’ हा प्रकार १९७२ नंतर स्पर्धांतून काढून टाकण्यात आला. आज उरलेल्या दोनच प्रकारांवर निकाल लागतो.

स्नॅच करताना त्या काळचे बहुतेक खेळाडू एक पाय पुढे व दुसरा मागे टाकून दांड्याखाली शिरत. बार्नहोल्थ यांनी आपल्या शिष्यांना निराळी रीत शिकवली. दांडा वेगाने वर खेचायचा आणि तो खाली येऊ लागण्यापूर्वी क्षणार्धात त्याच्या खाली पूर्ण बैठक मारायची! हात वर ताठ, दांडा डोक्यावर, आणि शरीर मात्र जमिनीलगत बसलेले. मग त्याच अवस्थेतून हळूहळू उठून उभे राहायचे. आपल्या तालमीतील बैठक तुम्हांला ठाऊक आहेच. तीच बैठक डोक्यावर शंभर किलोंहून अधिक भार घेऊन मारण्याची कल्पना करा.

या रीतीचा लाभ काय? खाली बसलेल्या माणसाचे हात उभ्या माणसाच्या हातांइतके उंच नसतात. म्हणून दांडाही तितका उंच खेचावा लागत नाही. आणि उंची जितकी कमी, तितके अधिक वजन तेवढ्याच बळात वर जाते. परंतु या लाभाची किंमतही मोजावी लागते. बसलेल्या अवस्थेत तोल सांभाळणे फार कठीण. दांडा किंचित पुढे गेला तर तो समोर आदळतो, किंचित मागे गेला तर पाठीमागे कोसळतो. घोटे, कंबर आणि खांदे लवचिक नसतील तर ही बैठक साधतच नाही. बार्नहोल्थ यांनी पुढे या पद्धतीवर पुस्तकही लिहिले. आणि आज जगातील बहुतेक सर्व अव्वल खेळाडू स्नॅच करताना अशीच बैठक मारतात.

पीटरने ही विद्या चिकाटीने आत्मसात केली. सप्टेंबर १९४७ मध्ये फिलाडेल्फिया येथे जागतिक स्पर्धा भरल्या, तेव्हा तो नुकताच अठरा वर्षे पूर्ण करून एकोणिसाव्यात पाऊल टाकत होता. अनेक वर्षे मुरलेल्या खेळाडूंना मागे टाकून या पोरसवदा तरुणाने जगज्जेतेपद पटकावले.

पुढच्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक सामने झाले. पीटर या वेळी ७५ किलोंपर्यंतच्या मध्यम गटात उतरला. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी त्याचाच देशबांधव फ्रँक स्पेलमन हा होता. त्या दिवसाचे आकडे पाहिले म्हणजे खेळातील गणित स्पष्ट होते. स्नॅचमध्ये पीटरने १२२.५ किलो उचलले, स्पेलमनने १२०. क्लीन अँड जर्कमध्ये पीटरने १५५ किलो उचलले, स्पेलमनने १५२.५. दोन्ही प्रकारांत पीटर सरस ठरला. मात्र प्रेसमध्ये स्पेलमनने ११७.५ किलो उचलले होते, तर पीटरला १०५ वरच थांबावे लागले होते. एकूण बेरीज स्पेलमनची ३९०, पीटरची ३८२.५. साडेसात किलोंनी सुवर्णपदक हुकले आणि पीटरच्या वाट्याला रौप्यपदक आले.

तीनपैकी दोन प्रकारांत पुढे असूनही हार पत्करावी लागली, तर एखादा दैवाला बोल लावील. परंतु आकडे खोटे बोलत नाहीत. आपले उणे कोठे आहे, ते पीटरला त्या बेरजेने दाखवून दिले होते. केवळ खांद्यांच्या बळावर वजन रेटण्यात तो कमी पडत होता, आणि ते बळ एका रात्रीत येत नसते. चार वर्षांनी, १९५२ च्या जुलै महिन्यात, तो फिनलंडमधील हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याचा प्रेस १०५ वरून ११५ किलोंवर गेला होता. तरीही कॅनडाचा जेरार्ड ग्रॅटन या प्रकारात त्याच्यापुढे साडेसात किलोंनी होता. मग स्नॅचची पाळी आली. ग्रॅटनने ११२.५ किलो उचलले, पीटरने १२७.५! बार्नहोल्थ गुरुजींची बैठक अशी ऐन वेळी कामास आली. क्लीन अँड जर्कमध्ये त्याने १५७.५ किलो, म्हणजे आपल्या गटाच्या शरीरवजनाच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भार पेलला. एकूण बेरीज ४०० झाली आणि सुवर्णपदक त्याचे झाले.

हेलसिंकी हे नाव मराठी माणसालाही प्रिय आहे. त्याच जुलै महिन्यात, त्याच नगरीत, कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. खाशाबाही १९४८ साली लंडनला खेळले होते आणि तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला होता. तेही महाविद्यालयाचे विद्यार्थी. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे. त्यांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. अभ्यास आणि आखाडा यांत वैर नाही, हे ओळखणारे गुरू ॲक्रनमध्ये होते तसे कोल्हापुरातही होते.

पीटरने १९५१, १९५३, १९५४ आणि १९५५ या वर्षांतही जागतिक स्पर्धा जिंकल्या. १९४७ चे धरून जगज्जेतेपदे पाच झाली. १९५६ साली मेलबर्न येथे तो तिसऱ्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. आता त्याचा प्रेस १२२.५ किलोंपर्यंत वाढला होता. आठ वर्षांत साडेसतरा किलोंची ही भर होती. एकूण बेरीज ४१२.५ भरली. हेलसिंकीला ज्या बेरजेने सुवर्ण मिळाले होते तिच्याहून ती साडेबारा किलोंनी अधिक होती. परंतु सोव्हिएत संघाच्या फ्योदोर बोगदानोव्स्की याने ४२० किलो उचलले, आणि पीटर पुन्हा रौप्यपदकाचा मानकरी ठरला. स्वतःच्या पूर्वीच्या यशापेक्षा मोठी कामगिरी करूनही पहिला क्रमांक मिळत नाही, असे प्रसंग आयुष्यात येतात. अशा वेळी आपण कालच्यापेक्षा पुढे आलो, एवढे समाधान आपल्या हाती असते. त्याच सामन्यांत त्याचा धाकटा भाऊ जेम्स यानेही कांस्यपदक जिंकले. पुढे १९६० साली रोम येथे जेम्सने रौप्यपदकही मिळवले.

ही सर्व धामधूम चालू असतानाच पीटरचे उच्च शिक्षणही चालू होते. तो केन्ट स्टेट विद्यापीठात शिकला आणि त्यानंतर ओहायो स्टेट विद्यापीठात त्याने दंतवैद्यकाचा अभ्यास केला. वजने उचलून पोट भरत नसे. त्या काळच्या नियमांप्रमाणे ऑलिंपिकमध्ये खेळणाऱ्याला खेळातून पैसा मिळवण्याची मुभाच नव्हती. शिवाय शरीराचे बळ वयाबरोबर ओसरते, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असते. बळ ओसरल्यावर हाती काय राहील, हा प्रश्न पीटरने बळ असतानाच सोडवून ठेवला होता.

शिक्षण पुरे करून डॉ. जॉर्ज अमेरिकेच्या लष्करात दंतवैद्य म्हणून काम करू लागले. या सेवेच्या निमित्ताने ते पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर गेले आणि तेथेच स्थायिक झाले. दंतवैद्यकातही त्यांनी एक विशेष शाखा निवडली. वाकडेतिकडे वाढलेले दात व जबडे योग्य जागी आणण्याची.

ही शाखा निवडण्यात त्यांच्या जुन्या विद्येशी एक नाते दिसून येते. दात हाडात घट्ट रुतलेला असतो. तो जोर लावून हलवू गेल्यास हाड दुखावते, दातही निकामी होतो. परंतु त्यावर अत्यंत हलका दाब योग्य दिशेने महिनोन्‌महिने ठेवला, तर दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू झिजते, उलट बाजूस नवे हाड भरत जाते आणि दात आपोआप सरकतो. कित्येक किलोंचा जोर जे साधू शकत नाही, ते काही ग्रॅमांचा दाब साधतो. दांडा कोणत्या रेषेतून न्यावा हे ज्याने वर्षानुवर्षे अभ्यासले, त्याला दाताची रेषा ओळखण्यात गोडी वाटावी, यात नवल नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत उपयोगी कार्याकडे वळू. काही माणसे झोपेत मोठ्याने घोरतात. आपण त्यांना हसतो. पण काही घोरण्यामागे एक गंभीर विकार असतो. झोप लागली की जिभेचे व घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जिभेचे मूळ इतके मागे घसरते की श्वासाची वाटच बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ असे चालते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि माणूस मोठा आवाज करून श्वास घेतो. हाच प्रकार एका रात्रीत अनेक वेळा, काही जणांच्या बाबतीत शेकडो वेळा घडतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. दिवसभर मात्र डोळ्यांवर पेंग असते. असा माणूस मोटार चालवीत असला तर स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही जिवावर बेतते. पुढे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ असे नाव आहे.

पूर्वी या विकाराच्या अगदी कठीण अवस्थेत गळ्याला छिद्र पाडून त्यातून श्वास घेण्याची सोय करीत. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावर मुखवटा बसवून सौम्य दाबाची हवा सतत घशात सोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ही युक्ती फार गुणकारी ठरली. परंतु रोज रात्री यंत्राला जोडलेला मुखवटा लावून झोपणे सर्वांनाच साधत नसे.

येथे डॉ. जॉर्ज यांच्या दंतविद्येचा उपयोग झाला. तुम्ही स्वतः एक प्रयोग करून पाहा. खालचा जबडा किंचित पुढे सरकवा. त्याबरोबर जीभही पुढे ओढली जात असल्याचे जाणवेल. याचे कारण, जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूस जोडलेला असतो. बेशुद्ध माणसाचा श्वास अडू नये म्हणून डॉक्टर त्याचा खालचा जबडा हाताने पुढे उचलून धरतात, ते याचसाठी. जे काम डॉक्टरांचे हात काही मिनिटे करतात, तेच काम रात्रभर करील असे साधन का नसावे? वाढत्या मुलांचे जबडे सुधारण्यासाठी दंतवैद्य वापरीत असलेल्या साधनांत डॉ. जॉर्ज यांनी योग्य ते बदल केले, आणि दोन्ही जबड्यांच्या दातांवर बसणारे, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे व हवेसाठी समोर वाट ठेवणारे एक उपकरण तयार केले. १९८७ साली त्यांनी दंतवैद्यकाच्या नियतकालिकात याविषयी लेख प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. हवाई विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतही त्यांनी अध्यापन केले.

या दिशेने प्रयत्न करणारे डॉ. जॉर्ज एकटे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या डॉ. प्येर रोबें यांनी फार लहान जबडा घेऊन जन्मलेल्या बालकांचा श्वास मोकळा व्हावा म्हणून असाच विचार केला होता. आणि १९८० नंतर इतरही संशोधक या प्रश्नावर काम करीत होते. विज्ञानात एकाने घातलेल्या पायरीवर दुसरा पाय ठेवतो. मात्र मोठ्या माणसांच्या या विकारावर जबडा पुढे धरण्याचे साधन वापरून पाहणाऱ्या आरंभीच्या दंतवैद्यांत डॉ. जॉर्ज यांची गणना होते. आज अशा प्रकारची अनेक सुधारलेली साधने जगभर वापरात आहेत. सर्वच रुग्णांना ती लागू पडतात असे नाही. विकार तीव्र असल्यास मुखवट्याचे यंत्रच अधिक उपयोगी पडते. पण ज्यांना ती लागू पडतात, त्यांची रात्र शांत जाते आणि दिवस जागेपणी जातो.

२०२१ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, डॉ. पीटर जॉर्ज यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर एक सुवर्ण व दोन रौप्य अशी तीन ऑलिंपिक पदके आहेत.

तरुणपणी त्यांनी डोक्यावर १६२.५ किलोंपर्यंत भार तोलला, आणि उत्तरायुष्यात जबडा काही मिलिमीटर पुढे सरकवला. ही दोन कामे वरवर पाहता किती भिन्न! परंतु दोन्ही ठिकाणी त्यांना एकच गोष्ट साधायची होती. जोर किती आहे याच्याइतकेच तो कोठे, कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्षणी लावावा, हे त्यांना पाहावे लागले. हे ओळखण्याची सवय त्यांना एका व्यायामशाळेत लागली, आणि ती त्यांनी अभ्यासिकेत व रुग्णालयात बरोबर नेली. व्यायामाने कमावलेली शिस्त दप्तरात घालून शाळेत आणता येते. आणि शाळेत शिकलेले शास्त्र आखाड्यातही उपयोगी पडते. मग पहिलवानाचा मेंदू कोठे असतो, या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या.

स्वाध्याय

१. स्नॅच करताना बैठक मारण्याने कोणता लाभ होतो? त्यात कोणती अडचण असते?
२. लंडनच्या सामन्यात पीटर दोन प्रकारांत पुढे असूनही का हरला? आकडे देऊन सांगा.
३. १९५२ व १९५६ सालच्या पीटरच्या कामगिरीची तुलना करा. तुमच्या मते त्याची कोणती कामगिरी मोठी? का?
४. खालचा जबडा पुढे धरल्याने श्वासाची वाट का मोकळी होते?
५. ‘जोर कोठे लावावा हे ओळखणे’ कोणकोणत्या कामांत महत्त्वाचे असते? तुमच्या पाहण्यातील दोन उदाहरणे द्या.
६. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : आत्मसात करणे, पोरसवदा, दैवाला बोल लावणे, मानकरी, स्थायिक होणे.